बाईंची पायरी

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, याला एकतीस वर्षं झाली. पत्र गहाळ झालं असतं किंवा कुणी फाडून टाकलं असतं, तर सांगायला निदान काही सबब राहिली असती. पण ते सतत माझ्याजवळ होतं. मी ते वाचनखूण म्हणून वापरत आलो. एक पुस्तक संपलं की ते दुसऱ्यात जायचं, इतिहासातून प्रवासवर्णनात, प्रवासवर्णनातून शब्दकोशात. माझ्याइतकंच ते पत्रही बहुश्रुत झालं असेल, असं मी कधीकधी मनाशी म्हणायचो, आणि असले विनोद सुचले की माझी मलाच चीड यायची. पत्नी होती तेव्हा एकदा पुस्तकं झटकताना ते तिच्या पायाशी पडलं. तिने ते वाचलं, होती तशी घडी घातली आणि म्हणाली, "उत्तर द्यायचं नसेल तर फाडून तरी टाका. असं धड ना जिवंत, ना मेलेलं काय ठेवता घरात?" मी ते परत पुस्तकात ठेवलं. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण त्यानंतर मी पुस्तक उघडलं की ती काहीतरी काम काढून खोलीतून उठून जायची, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. काय गमावलं ते उशिरा लक्षात येणं, हाच माझा स्वभाव.

पत्र सात ओळींचं. आपल्या दोघांच्या आकड्यांत एका वितीचा फरक येतो आहे, असं त्यात होतं. फेरीबोटीचे तांडेल भरती पूर्ण भरलेली असताना दोन्ही बेटांवरच्या पट्ट्या पाहून आले, त्यांनी सांगितलं. मी माझी पट्टी तीनदा तपासली, शून्याची रेघ पितळी खिळ्यावरच आहे. तुमची एकदा पाहाल का? माझं चुकत असेल तर मला कळलेलं बरं. बोगद्याचं खोदकाम सुरू आहे म्हणून घाईने लिहिते आहे. खाली सही, आणि सहीखाली, आम्हा लोकांच्या सवयीप्रमाणे, तारीख आणि वेळ.

आम्ही लोक म्हणजे पाणी वाचणारे. थोरल्या बेटाच्या बंदर कार्यालयात मी ते काम तेवीस वर्षं केलं, आणि धाकट्या बेटावर ते पत्र लिहिणारी करत असे. जेटीच्या शेवटच्या खांबाला एक लांब लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर आकडे रंगवलेले असतात, आणि तिची शून्याची रेघ खांबातल्या पितळी खिळ्याशी जुळवलेली असते. ठरलेल्या वेळी जायचं, पाणी कुठल्या आकड्यावर आहे ते पाहायचं, कच्च्या वहीत लिहायचं आणि संध्याकाळी पक्क्या वहीत उतरवायचं. लोकांना वाटतं समुद्रसपाटी ही समुद्रात असते. तिथे काहीच नसतं. तिथे नुसतं वरखाली होणारं पाणी. कुणीतरी वर्षभर ते पाणी वाचतो, त्याची सरासरी काढली जाते, आणि मग त्या आकड्याला समुद्रसपाटी म्हणतात. त्या आकड्यावरून डोंगराची उंची ठरते, रस्त्याचा चढ ठरतो आणि समुद्राच्या पोटातून बोगदा काढायचा तर किती खोल जायचं तेही ठरतं. हे सगळं एका भिडस्त, चष्मेवाल्या माणसाच्या वहीत आहे, याचं मला त्या काळात फार सुख वाटायचं. घरी मला कुणी विचारत नसे, कार्यालयात मी अंग चोरून वावरायचो, पण डोंगर माझ्या वहीला विचारून उंच व्हायचे.

तिला मी कधी पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता. रोज सकाळी आठ वाजता वायरलेसवर दोन्ही जेट्यांची घड्याळं जुळवायची असत. ती म्हणायची, आठ वाजले. मी म्हणायचो, आठ वाजले. मग ती विचारायची, आणखी काही? मी म्हणायचो, आणखी काही नाही. तेवढंच बोलणं. आधी तिचे वडील हे काम करायचे. ते अंथरुणाला खिळले तेव्हा ती करू लागली, ते गेल्यावर तिच्याच नावावर ते राहिलं. दुपारी ती तिथल्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. वडील गेले तेव्हा तीन दिवस वायरलेसवर कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, आठ वाजले. मला काहीतरी बोलायचं होतं. सांत्वनाची वाक्यं मी इतक्या पुस्तकांत वाचली होती. मी म्हणालो, आठ वाजले. आणि तिने विचारलं, आणखी काही? मी म्हणालो, आणखी काही नाही.

चूक अगदी साधी होती. खोदकाम सुरू व्हायच्या वर्ष-दीड वर्ष आधी वादळात माझी पट्टी मोडली. नवी पट्टी आली ती दुसऱ्या कारखान्यातून. जुनीचं लाकूड शून्याच्या रेघेवरच कापलेलं होतं. टोक खिळ्याला टेकवलं की शून्य खिळ्यावर. नवीला शून्याच्या खाली एक वीतभर कोरं लाकूड सोडलेलं होतं, बहुधा पकड ठोकायला. मी होडीत ओणवा होऊन, तोंडावर पाणी उडत असताना, सवयीने लाकडाचं टोक खिळ्याला टेकवलं. बाहेरच्या माणसाने ही चूक केलीच नसती. त्याने पट्टी नीट न्याहाळली असती. ती मीच करू शकत होतो, कारण माझ्या हाताला सवय होती. मला हुशारीची जेवढी भीती वाटत नाही तेवढी या सवयीची वाटते. त्या दिवसापासून माझा समुद्र एक वीत खाली गेला. आकडे उतरलेले मला दिसले, नाही असं नाही. वादळानंतर पाणी उतरतंच, अशी मी मनाची समजूत घातली. सर्वेक्षणवाले आले, त्यांनी वादळानंतरच्याच बारा महिन्यांची सरासरी नेली आणि दोन्ही बेटांवरून खोदायला सुरुवात केली.

पत्र आलं त्या दिवशी ओहोटी दुपारी होती. मी होडी काढली, खांबाशी गेलो, बाही वर करून पाण्यात हात घातला. शिंपल्यांची खरबरीत चढण, मग पितळी खिळ्याचा गार गोल माथा, आणि त्याच्या वर कोरं लाकूड. अंगठा आणि करंगळी ताणून मी मोजलं. बरोबर एक वीत. होडी हलत होती. खरं सांगायचं तर पहिला विचार त्या चुकीबद्दल नव्हता, पहिला विचार वहीचा होता. माझी पक्की वही. पंधरा महिन्यांची सुवाच्य अक्षरांची पानं, एक खाडाखोड नाही, एक चौकोन रिकामा नाही. तापाने पडलो होतो ते दोन दिवससुद्धा नंतर मी अंदाजाने भरले होते, रिकामे चौकोन बघवत नव्हते म्हणून. आमच्या खात्याचा नियम स्पष्ट होता. चूक झाली तर खोडायचं नाही. त्यावर एकच रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची. तो नियम वहीच्या पुठ्ठ्याच्या आत छापलेला होता. मी नव्या माणसांना तो शिकवायचो. त्या दिवशी मला फक्त एक रेघ मारायची होती.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. ती म्हणाली, आणखी काही? आणि थांबली. वायरलेसमधली ती खरखर मी अजून ऐकतो. मी म्हणालो, आणखी काही नाही. तिसऱ्या दिवशी तेच. ती रोज तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारत राहिली, आवाज चढवला नाही, पत्राचं नाव काढलं नाही. दोन महिने. तिची ती सभ्यता मला छळायची. तिने एकदा जरी खडसावलं असतं तर मी सगळं ओकून टाकलं असतं, असं मी नंतर वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी ऐकून घेतलं असतं आणि तरी म्हणालो असतो, आणखी काही नाही.

बोगद्याची दोन टोकं समुद्राखाली भेटली तेव्हा आमच्या बाजूचं एक वीत खाली निघालं. चौकशी समिती बसली. दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या गेल्या. तिच्या वहीत तीन दिवस कोरे होते आणि तिथे तिने लिहिलं होतं, वाचन झाले नाही. दोन ठिकाणी रेघा मारून दुरुस्त्या केलेल्या, सहीसकट. माझ्या वहीत काहीच नव्हतं. समितीचे अध्यक्ष वही उलटत म्हणाले म्हणे, अक्षर पाहा या माणसाचं. अक्षर वळणदार म्हणून माझा समुद्र खरा ठरला. ती जिथे खरं बोलली होती, नेमकं तिथेच तिला पकडलं. शाळामास्तरणीचं जोडकाम, लक्ष नसणार, असं ठरलं आणि तिला काढून टाकलं. पट्टी मोजा, दोन्ही पट्ट्या मोजा, असं ती म्हणाली होती. पण तोवर नवे धक्के बांधायला दोन्हीकडचे खांब काढले होते. मी चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला आत बोलावलंच नाही. माझी वही पुरेशी होती.

रस्ता झाला. मध्यावर थोडका चढ देऊन तो फरक जुळवून घेतला, पण छताला जागा नव्हती म्हणून चढ फार पसरवता आला नाही. थोरल्याकडून जाताना गाडीला तिथे किंचित उचल बसते. ड्रायव्हर लोकांनी त्या जागेला नाव पाडलं, बाईंची पायरी. पोरं तिथे पाय वर उचलतात. हे मी ऐकून होतो, कारण बोगद्यात मी स्वतः कधी पाऊल टाकलं नव्हतं. फेरीबोट होती तोवर बोटीने गेलो, बोट बंद झाल्यावर धाकट्या बेटावर जायचंच सोडलं. घरी सांगितलं, मला बंद जागेत गुदमरतं. म्हातारपणी भित्रेपणाला फार चांगली चांगली नावं मिळतात.

मग बोगद्याला तीस वर्षं झाल्याचं निमित्त निघालं. धाकट्या बेटाच्या तोंडाशी त्यांनी एक माहितीदालन केलं आहे, आणि तिथे काचेच्या पेटीत माझी पक्की वही मांडायची ठरवली. मला बोलावणं आलं. चिरंजिवांना मी आदल्या आठवड्यात सगळं सांगून टाकलं होतं, फोनवर, तो जेवत असताना. त्याने तोंडातला घास संपवला. म्हणाला, बाबा, ज्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं, आता कोणाला काय फरक पडतो, तुमचं एक नाव आहे ते राहू द्या. मग म्हणाला, तुम्हाला नक्की आठवतंय ना? वय होतं माणसाचं. मला आठवणीची खात्री देता येईना, कारण मला कसलीच खात्री देता येत नाही. पण फोन ठेवल्यावर मी ट्रंकेच्या तळाशी गेलो आणि त्या वर्षाची कच्ची वही काढली. वादळानंतरच्या पानावर माझ्याच घाईच्या अक्षरात होतं, नवी पट्टी बसवली, टोक खिळ्याला टेकवले. टोक. शून्य नव्हे. ती वही मी पिशवीत घातली. कशासाठी, ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

सूनबाई गाडी चालवायला शिकवते. तिचीच शिकवणीची गाडी, त्यामुळे शेजारच्या सीटपुढे, म्हणजे माझ्या पायाशीही ब्रेक होता. निघतानाच तिने बजावलं, बाबा, त्यावर पाय ठेवू नका, माझे विद्यार्थी परवडले. मी पाय आखडून बसलो. बोगद्याचं तोंड आलं तसे कान बसले. मला वाटलं होतं अंधार असेल. तसं काही नव्हतं. पिवळे दिवे, पांढऱ्या फरशा, जमिनीला रबराचा आणि धुराचा वास, आणि सतत उतार. सूनबाई बोलत होती. तिची एक विद्यार्थिनी आरशात रस्त्याऐवजी स्वतःलाच बघते, असं काहीतरी. मी भिंतीवरचे आकडे वाचत होतो, दर शंभर पावलांवर खोली लिहिलेली होती. ते आकडे माझ्या वहीतून आले होते. उणे तीस. उणे चाळीस. प्रत्येक पाटी एक वीत खोटं बोलत होती, आणि हे सगळे ट्रक, ही माणसं, त्यांच्या डोक्यावरचं सगळं पाणी त्यावर विश्वास ठेवून होतं. फरक पडत नाही म्हणतो चिरंजीव. खरंच कुणाला पडत नव्हता. एका माणसाला सोडून.

"बाबा, पाय वर," सूनबाई हसत म्हणाली. "बाईंची पायरी आली."

ती पन्नाशीची. लहान मुलासारखी म्हणाली ते, काही वाईट मनात नव्हतं. गाडीला उचल बसली. अगदी हलकी, झोपलेल्या माणसाने खांदा हलवावा तशी. आणि मी पाय वर उचलला नाही. मी तो खाली दाबला.

गाडी करकचून थांबली. मागे भोंगे वाजले. सूनबाई काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. तिने दिवे लावले, गाडी कशीबशी भिंतीच्या कडेला घेतली, आणि मी दार उघडून उतरलोसुद्धा. सत्त्याहत्तर वर्षांत मी एखाद्या वाहनातून असा कुणाला न विचारता उतरलो नव्हतो. मला माझं आश्चर्य वाटलं आणि त्याहून जास्त, खरं सांगतो, बरं वाटलं. भिंतीशी गेलो. सांधा दिसत होता. फरशांच्या रांगा तिथे जुळत नव्हत्या. आमच्याकडच्या खाली, त्यांच्याकडच्या वर. मी अंगठा आणि करंगळी ताणून हात टेकवला. बरोबर. तेवढंच. एकतीस वर्षांत माझा हात सुरकुतला होता, पण वीत तेवढीच राहिली होती.

छतातल्या कर्ण्यातून एक आवाज म्हणत होता की थांबलेल्या गाडीने पुढे जावं. मग नारिंगी जाकिटातला रखवालदार सायकलवरून आला. उतरून धापा टाकत त्याने सूनबाईला विचारलं, काय झालं, गाडी बिघडली का? ती म्हणाली, गाडी नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहुणे दिसताय, म्हणाला, सगळे इथेच बघायला थांबतात, त्या बाईंनी झोपेत पाणी मोजलं होतं म्हणतात.

"ती पायरी बाईंची नाही," मी म्हणालो. "माझी आहे."

हे वाक्य मी एकतीस वर्षं मनात घोटत होतो. ते बाहेर पडलं की काहीतरी हादरेल, असं मला वाटायचं. रखवालदाराने सायकलीचा स्टँड पायाने वर केला. "आजोबा, पायरी कोणाची का असेना," तो म्हणाला, "गाडी काढा आधी. मागे रांग लागलीय."

तो रागावला नव्हता. त्याचं बरोबरच होतं. मी गाडीत बसलो. सूनबाईने आरशात मागे पाहून गाडी काढली. गाडी चढाला लागली, कान उघडले. मग तिने विचारलं, तुमची म्हणजे? मी तिला सांगितलं. थोडक्यात जमलं, कारण लाजेची गोष्ट मुळात थोडकीच असते. बाकीचे सगळे आपण तिला घातलेले कपडे. तिने मध्ये एकदाही रस्त्यावरची नजर काढली नाही. उजेड दिसायला लागला तेव्हा म्हणाली, यांना माहीत आहे? माहीत आहे, मी म्हणालो, तो म्हणतो राहू द्या. ती म्हणाली, ते तसंच म्हणतात, गळक्या नळालाही तसंच म्हणतात. आणि गाडी दालनासमोर लावताना, माझ्याकडे न बघता: "मी तर माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, ब्रेक दाबायला उशीर झाला तरी दाबायचा."

दालनात पंधरा-वीस माणसं होती. माहिती अधिकारी, तिशीतला, छातीला बिल्ला लावलेला, मला फार आदराने घेऊन गेला. पेटीखालच्या पितळी पाटीवर लिहिलं होतं, अचूकतेचा नमुना. शेजारी तिची वही नव्हती. मी त्याला विचारलं, दुसरी वही कुठे आहे? तो म्हणाला, ती मांडण्याजोगी नव्हती. मी त्याला हळू आवाजात सांगितलं की चूक माझी होती. तो हसला आणि जमलेल्यांना म्हणाला, बघा, जुन्या माणसांचा विनय. मी पुन्हा सांगितलं. मला मोठ्याने बोलता येत नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाणी मागवलं. तेव्हा मला कळलं की बोलून हे व्हायचं नाही. माझा आवाज कुणी कधी खरा मानलाच नव्हता. सगळ्यांनी मानलं होतं ते माझं अक्षर.

मग छायाचित्रकार आला. त्याला मी वहीसह हवा होतो. पेटी उघडली, वही टेबलावर ठेवली, मला खुर्ची दिली. वहीला तोच वास होता, शाईचा आणि दमट पुठ्ठ्याचा. छायाचित्रकार म्हणाला, जरा मान खाली, हां, आता काहीतरी लिहिताय असं दाखवा. अधिकाऱ्याने मला त्याचं टोपण लावलेलं पेन दिलं, नुसतं हातात धरायला. मी ते बाजूला ठेवलं, खिशातलं माझं काढलं. वादळानंतरचं पान उघडलं. पहिल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, मूळचा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहिला. समासात लिहिलं: इथून पुढचे, जुना खांब निघेपर्यंतचे सर्व आकडे एक वीत कमी आहेत. पट्टी मी चुकीची बसवली. तापाचे दोन दिवस अंदाजाने भरले आहेत. धाकट्या बेटाची वही बरोबर आहे. सही केली. तारीख घातली. कॅमेरा मध्ये दोन-तीनदा वाजला. छायाचित्रकार खूश होता, म्हणाला, अगदी खरं वाटतंय.

अधिकारी वाकून वाचायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आदर उतरत गेला. मला ते बघायला आवडलं. सगळं आयुष्य मी लोकांच्या चेहऱ्यावरचा आदर सांभाळत आलो, सांडू नये म्हणून भरल्या ताटासारखा. तो म्हणाला, आजोबा, हे काय केलंत, हा सरकारी दस्तऐवज आहे. मी पुठ्ठा उघडून आतला छापील नियम त्याच्यासमोर धरला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मी पिशवीतली कच्ची वही काढून त्याच्यापुढे ठेवली, पान दुमडून.

"पण आता मी याचं काय करू?" तो खरंच काकुळतीला आला होता.

"काचेत ठेवा," मी म्हणालो. "याच पानावर उघडी. आणि तिची वही आणून शेजारी ठेवा. नाही ठेवलीत तर मी उद्या येईन. परवाही येईन. मला आता दुसरं काम नाही."

माझा आवाज लहानच होता, पण लोकांनी मान वळवून पाहिलं. तो म्हणाला, वरिष्ठांना विचारावं लागेल. विचारा, मी म्हणालो, आणि हवं तर त्यांच्याशी फोनवरही मीच बोलतो. सूनबाई दाराशी हाताची घडी घालून उभी होती. तिने घड्याळात पाहिलं आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की आम्हाला घाई नाही.

पाणी घेऊन आलेली बाई त्याच बेटावरची. पेला माझ्यासमोर ठेवताना तिने समासातलं वाचून घेतलं होतं. म्हणाली, त्या अजून आहेत हो. जुन्या जेटीच्या वर, दोरखंडाच्या दुकानाच्या माडीवर. सकाळी आठ वाजता नव्या खांबापाशी जातात, पाणी बघतात, वहीत लिहितात. कोणी सांगितलेलं नाही, कोणी नेत नाही ती वही. पोरं हसतात. तिने मला रस्ता सांगितला, चालत दहा मिनिटं. सूनबाई म्हणाली, चला, सोडते.

मी गेलो नाही. भीती वाटली, हे आहेच. पण नुसती भीती नव्हती. दारात उभं राहिलो असतो तर तिला माझा म्हातारा चेहरा पाहावा लागला असता, बसा म्हणावं लागलं असतं, असू द्या म्हणावं लागलं असतं. पुन्हा तिच्याच सभ्यतेवर मी जगलो असतो. तिने मला भेटायला बोलावलं नव्हतं. तिने एक प्रश्न विचारला होता, लेखी. दालनाला लागूनच टपालघर होतं. तिथल्या उभ्या फळीपाशी, दोरीला बांधलेल्या पेनने नव्हे, माझ्याच पेनने, मी लिहायला लागलो. पहिला कागद क्षमेने भरला. वाचला, आणि फाडला. दुसऱ्यावर कारणं होती. तोही फाडला. खिडकीतला माणूस म्हणाला, कागद वाया घालवू नका. मी त्याला सांगितलं, घालवणार.

तिसऱ्यावर लिहिलं: आपलं पत्र मिळालं. माझी पट्टी पाहिली. शून्याची रेघ खिळ्याच्या एक वीत वर होती. चूक माझी आहे. आपलं वाचन बरोबर होतं, सगळं. आपलं पत्र मिळालं त्याच दुपारी मला हे कळलं होतं. आज पक्क्या वहीत दुरुस्ती केली आहे, ती दालनात आहे, कुणी ती काढली तर मला कळवा, मी पुन्हा करीन. सात ओळी झाल्या, मोजून केल्या नव्हत्या. सही केली. खाली तारीख, आणि वेळ: चार वाजून दहा मिनिटं. पेन टेकवून थोडा थांबलो. वायरलेसची ती खरखर कानात होती आणि तिच्या मागे कुणीतरी वाट पाहत होतं. मग शेवटचं लिहिलं, आणि या वेळी ते खरं होतं: आणखी काही नाही.

तिचं जुनं पत्र पिशवीतल्या पुस्तकात होतं. त्याच्यावरून पाकिटावर नाव उतरवायला ते काढलं, नावाखाली दोरखंडाच्या दुकानाची माडी लिहिली, आणि ते परत आत ठेवलं नाही, खिशात ठेवलं. पुस्तक मिटलं. कुठवर आलो होतो ते आता सापडायचं नाही.

टपालपेटी बाहेर, भिंतीला होती. पत्ता दहा मिनिटांवरचा. सूनबाई म्हणाली, इतक्या जवळ तिकीट लावून कोण पाठवतं? मी पाठवतो, म्हणालो. झाकण जड होतं, एका हाताने वर धरावं लागलं. पाकीट सोडलं. पेटी रिकामी असावी. ते तळाला लागल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.